घरी ड्राइव्ह शाफ्ट बदलल्यावर गाडी आवाज करते? या चुका टाळा

वॅगनआर, स्विफ्ट, आय-१० यांसारख्या छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि ती पोहोचवण्याचे काम गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना बसवलेले ड्राइव्ह शाफ्ट करतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट (चाक वळले किंवा वरखाली झाले तरी शाफ्ट फिरत ठेवणारे सांधे) आणि त्यांवर रबरी बूट, म्हणजे आवरणे, असतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, खड्ड्यांतले गढूळ पाणी आत शिरते आणि जॉइंट झिजू लागतो; म्हणूनच मुंबईत पावसाळा सरता सरता या दुरुस्तीची गरज अनेकांना भासते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सुटा भाग आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम उरकणाऱ्यांची गाडी नंतर आवाज करू लागली, तर पहिला संशय नव्या भागावर जातो. हलक्या प्रतीचा भाग बिघडू शकतो, हे खरे. पण दुसरा शाफ्ट विकत आणण्यापूर्वी आपण सोडलेली प्रत्येक जोडणी उलट्या क्रमाने तपासावी, कारण अशा तक्रारींचे मूळ बहुधा बसवण्यातच सापडते.

सर्वांत महागात पडणारी चूक हब नटाची आहे. चाकाच्या मध्यभागी असलेला हा नट केवळ शाफ्ट धरून ठेवत नाही, तर अनेक गाड्यांत चाकाच्या बेअरिंगवर आवश्यक तो दाबही त्याच्यामुळेच राहतो. त्यामुळे शाफ्ट काढलेला असताना किंवा नट सैल असताना गाडी चाकांवर उतरवून, शेजारच्या गाडीला वाट देण्यासाठी चार पावले ढकलली, तरी बेअरिंग खराब होऊ शकते. नट किती घट्ट करायचा, हे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारणपणे १५० ते ३०० न्यूटन-मीटरच्या (आवळण्याचा जोर मोजण्याचे एकक) दरम्यान असतो, तर चाकाचे नट १०० च्या आसपासच आवळले जातात. म्हणजे पान्याला पाइप लावून अंदाजपंचे जोर देणे इथे चालत नाही. चाक हवेत असतानाच सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि शेवटची आवळणी टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) करावी. हवेच्या गनने नव्हे. कड ठोकून खाचेत बसवण्याचा नट एकदा सोडला की नवाच घ्यावा. जुना वापरून वाचणारे पैसे किरकोळ असतात, आणि तो सैल झाला तर धोका मात्र चाकाचा असतो.

आतल्या टोकाची चूक लगेच दिसत नाही. अनेक गाड्यांत हे टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक सर्क्लिपवर (खाचेत बसणारी तारेची कडी) अडकते आणि नीट बसताना ‘खट्’ असे जाणवते. ते जाणवले नसेल, तर जॉइंटचा बाहेरचा लोखंडी पेला धरून हळूच ओढून पाहावे. मधला दांडा ओढू नये, कारण त्याने जॉइंटच आतून सुटू शकतो. शाफ्ट अर्धवट बसलेला असेल तर गाडी काही काळ ठीक चालते आणि मग एखाद्या खड्ड्यात तो बाहेर सरकतो. तसे झाले की गिअर पडतो, इंजिन फिरते, पण गाडी जागची हलत नाही, कारण साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांत गती वाटणारी गिअरची जोडणी) सगळी गती मोकळ्या बाजूकडे निघून जाते. याच कारणाने ऑटोमॅटिक गाडीचा शाफ्ट निघालेला असताना ‘पी’वर (पार्किंगच्या गिअरवर) विसंबून राहू नये. सोसायटीच्या उतारावर तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना गुटके लावल्याशिवाय काम सुरूच करू नये, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये.

शाफ्ट घालताना त्याचे दाते ऑइल सीलच्या (गिअरबॉक्समधले तेल अडवणारी रबरी कडी) ओठावर घासले, तर दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेलाचा डाग दिसतो. सील बदलणे सोपे आहे. विसरले जाते ते शाफ्ट काढताना सांडलेले तेल. त्याची पातळी पाहून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. सीव्हीटीचे (पट्ट्यावर चालणारा एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेल आणि साध्या गिअरबॉक्सचे तेल एकमेकांच्या जागी चालत नाही.

आवाज ऐकून दोष ओळखायचा असेल, तर तो केव्हा येतो ते आधी पाहावे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरताना ‘कट-कट’ होत असेल, तर बाहेरचा जॉइंट तपासावा. हा आवाज दुरुस्तीपूर्वीही तसाच असेल, तर कदाचित न बदललेली बाजूच दोषी आहे, कारण गाडीच्या सांगाड्यातून येणारा आवाज बाजूच्या बाबतीत सहज फसवतो. अॅक्सिलरेटर दाबताच थरथर आणि पाय काढताच शांतता, असे असल्यास आतला जॉइंट किंवा इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) पाहावे. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते. निघताना किंवा रिव्हर्स घेताना एकच ‘ठक्’ ऐकू आली, तर गाडी पुढे न नेता हब नट आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) बॉल जॉइंटचा बोल्ट पुन्हा तपासावा. सतत खरखर होत असेल, तर घाबरण्यापूर्वी ब्रेक डिस्कमागचा पातळ पत्रा पाहावा. हातोडीच्या धक्क्याने तो वाकून डिस्कला लागतो आणि हातानेच सरळ होतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे इथल्या गाड्यांत शाफ्टचे दाते हबमध्ये (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) गंजून चिकटलेले आढळतात. अशा वेळी टोकावर थेट हातोडी मारली की आटे चेपतात आणि जुना शाफ्ट पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, तरीही शाफ्ट सुटत नसेल तर पुलर (स्क्रूच्या दाबाने भाग सोडवणारे अवजार) वापरावा.

एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटल्यास नव्या शाफ्टवर दातेरी रिंग आहे का आणि दात्यांची संख्या जुन्याएवढीच आहे का, हे मोजावे. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर ताणली गेली नसल्याचीही खात्री करावी. शॉक अॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडले असतील, तर व्हील अलाइनमेंट करून घेणे टाळू नये.

पहिली चाचणी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर नको. आवारात आणि मग गल्लीत, कमी वेगाने घ्यावी. सुमारे ५० किलोमीटर चालवल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि रिमची आतली बाजू हाताने पुसून पाहावी. तिथे ग्रीसचे शिंतोडे असतील, तर बुटाची पट्टी सैल आहे. ती वेळीच आवळली तर जॉइंट वाचतो.