ताशी दरावरून वार्षिक पगार काढताना या चुका टाळा

अमेरिकेत शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलामुलींपुढे अनेकदा दोन तऱ्हेच्या ऑफर येतात. एकीत वर्षाचा पगार लिहिलेला असतो. दुसरीत, विशेषतः कन्सल्टन्सीमार्फत मिळणाऱ्या कंत्राटी कामात, फक्त ताशी दर असतो. तासाला 45 डॉलर आणि वर्षाला 85,000 डॉलर यांत जास्त कोणते, हे ठरवण्यासाठी आठवड्याचे 40 तास आणि वर्षाचे 52 आठवडे धरून 45 ला 2,080 ने गुणले जाते, 93,600 हा आकडा येतो आणि कंत्राटाला होकार कळवला जातो. गुणाकारात चूक नसते. घोळ त्या 2,080 मध्ये असतो, कारण तेवढ्या तासांचे पैसे मिळतील असे कोणी लिहून दिलेले नसते.

तिथल्या केंद्रीय कायद्याने खासगी मालकावर सणाच्या सुट्टीचे किंवा रजेचे पैसे देण्याचे बंधन घातलेले नाही. थँक्सगिव्हिंगला क्लायंटचे ऑफिस बंद राहिले की ताशी काम करणाऱ्याच्या टाइमशीटवर त्या दिवसापुढे शून्य तास भरले जातात आणि तेवढे पैसे बुडतात. केंद्र सरकारच्या 11 सुट्ट्या, घरी येऊन जाण्यासाठी 10 दिवस आणि आजारपणाचे 5 दिवस धरले, तर 26 दिवसांचे 208 तास गळतात; उरलेल्या 1,872 तासांचे 84,240 डॉलर होतात. पगारी नोकरीत हेच 26 दिवस भरपगारी असतील, तर 85,000 चा पगारच सरस ठरतो, आणि त्यात आरोग्यविम्यातील कंपनीचा वाटा अजून धरलेलाही नाही. उलट हिशेबातही हाच फटका बसतो: 85,000 ला 2,080 ने भागून 41 डॉलरच्या आसपास दर मागणारा उमेदवार स्वतःचे नुकसान करून घेतो, कारण बरोबरीचा दर 1,872 ने भागून, म्हणजे सुमारे 45.40 डॉलर येतो.

महिना चार आठवड्यांचा धरणे ही चूक त्या मानाने साधी, पण तिने वर्षातले चार आठवडे गायब होतात आणि 93,600 चे 86,400 होतात. दर दोन आठवड्यांनी मिळणाऱ्या पगाराला 26 ऐवजी 24 ने गुणले तरी नेमका हाच चुकीचा आकडा येतो. महिन्यातून दोनदा पगार देणाऱ्या कंपनीसाठी मात्र 24 च बरोबर.

ओव्हरटाइम दीडपट मिळेल असे गृहीत धरून वार्षिक आकडा फुगवू नये. आठवड्यात 40 तासांवरच्या कामाला दीडपट दर हा सर्वसाधारण नियम खरा. परंतु तासाला किमान 27.63 डॉलर मिळवणाऱ्या प्रोग्रॅमर आणि तत्सम संगणक व्यावसायिकांना केंद्रीय कायद्यात त्यातून वगळता येते. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. त्यामुळे जादा तासांचा दर करारातच लिहून घ्यावा.

कराच्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबणे महागात पडते. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, म्हणजे 1099 या करफॉर्मवर, काम करणाऱ्याला सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांच्या करांचे कर्मचारी आणि मालक असे दोन्ही वाटे मिळून 15.3 टक्के स्वतःच भरावे लागतात, तर डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीच्या पगारावर असलेल्या, कर्मचाऱ्याच्या पगारातून त्याचा 7.65 टक्क्यांचा वाटा कापला जातो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या परवानगीवर काम, करणाऱ्यांना, करासाठी ते अनिवासी गणले जात असेपर्यंत, साधारणपणे ही कपातच लागू नसते. तरीही ती होत असेल, तर आधी कंपनीकडेच परतावा मागावा. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावरच्या रूममेटच्या पगारपत्रकावरून आपला हिशेब मांडणे म्हणूनच चुकीचे.

सहा महिन्यांच्या कंत्राटाची रक्कम दुप्पट करून ‘वर्षाचे पॅकेज’ घरी फोनवर सांगितले जाते, आणि पलीकडे तिचे लगेच रुपयेही होतात. दोन कंत्राटांमधल्या रिकाम्या आठवड्यांचा त्यात पत्ताच नसतो.

काम सुरू झाल्यावर हातात येणारी रक्कम हिशेबाशी जुळत नसेल, तर आधी पगारपत्रकावरचा वर्षारंभापासूनच्या एकूण कमाईचा, म्हणजे वायटीडीचा, रकाना पाहावा आणि करकपातीपूर्वीचाच आकडा घ्यावा. जानेवारीपासून दोन आठवड्यांची 13 पगारपत्रके झाली असतील, तर 45 च्या दराने तिथे 46,800 दिसायला हवेत. 43,920 दिसत असतील, तर 2,880 डॉलरचा, म्हणजे 64 तासांचा फरक आहे. ते आठ दिवस सुट्टीचे होते, की टाइमशीट मंजूर व्हायची राहून गेली, हे तारखा लावून तपासावे.