लोडरची बकेट सपाट आहे का, हे सीटवरून कसं ओळखायचं

ट्रॅक्टरच्या सीटवरून बकेटचं पातं, म्हणजे तळाची पुढची धार, दिसत नाही. मध्ये बोनेट येतं, बकेट उचलणाऱ्या बूमचे दोन हात येतात, आणि त्यापलीकडे बकेटची पाठ. दिसते ती फक्त वरची कड, आणि त्या कडेवरून तळ किती कललाय हे कळत नाही. म्हणून फ्रंट लोडरवर नवीन माणूस गोठ्यात शेणखत भरायला गेला की एक तर कोबा खरवडतो, नाहीतर चार बोटं खत खालीच सोडून येतो.

आकडा लक्षात ठेवा. बकेटचा तळ टाचेपासून (तळाची मागची कड) पात्यापर्यंत ६० सेंमी असेल, तर १ अंश कल म्हणजे पात्यापाशी साधारण १ सेंमी फरक. ५ अंश चुकला की पातं ५ सेंमी जमिनीत, किंवा ५ सेंमी हवेत. डोळ्याला ५ अंश म्हणजे काहीच वाटत नाही. जमिनीला मात्र ते लगेच कळतं.

खुणेची सळई

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सरकती सळई. काही लोडरवर ती कंपनीकडूनच येते. नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तासाभरात होते. १० मिमीची साधी गुळगुळीत सळई घ्या, ८० ते ९० सेंमी लांब. तिचं एक टोक बकेटच्या पाठीला, मुख्य पिनच्या (जिच्यावर बकेट बूमला जोडलेली असते) बरोबर २५ सेंमी वर, बोल्टवर सैल फिरेल असं अडकवा. दुसरं टोक बूमवर बसवलेल्या अर्ध्या इंची पाइपच्या तुकड्यातून मागे, ड्रायव्हरच्या बाजूला येऊ द्या. हा तुकडा ५ सेंमीपेक्षा लांब नको. बकेट फिरताना सळईचं टोक कमानीत फिरतं, लांब पाइपमध्ये ती अडकते आणि वाकते. पाइप बूमवर यू-क्लॅम्पने आवळा. बूमला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. त्या पत्र्यावर सगळा ताण असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बकेटच्या पाठीला पट्टी वेल्ड करायची असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डजवळच लावा, करंट पिनांमधून आणि सिलिंडरमधून जायला नको.

आता खूण. ट्रॅक्टर सपाट काँक्रीटवर उभा करा, दोन्ही पुढच्या टायरची हवा सारखी करा. इंजिन कमी आरपीएमवर ठेवून बकेट जेमतेम टेकेपर्यंत खाली घ्या. एक माणूस बाजूला सुरक्षित अंतरावर उभा राहून तळाखालची फट बघेल आणि तुम्ही तळ काँक्रीटला समांतर होईपर्यंत कल जुळवाल. मग इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. वर्तमानपत्राच्या पट्ट्या टाचेखाली आणि पात्याखाली सरकवून बघा. दोन्हीकडे सारख्याच अडकल्या की तळ सपाट. पाइपच्या मागच्या तोंडाशी सळईवर पांढऱ्या ऑइल पेंटचा पट्टा मारा.

सळई पिनपासून २५ सेंमीवर असली की १ अंशाला ती साधारण ४.४ मिमी सरकते, म्हणजे ५ अंशाला २२ मिमी. बकेटचं तोंड खाली गेलं की सळई पुढे जाते, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्याच्या मागे, तुमच्या बाजूला, २२ आणि ४४ मिमीवर लाल पट्टे मारा. ते ५ आणि १० अंश तोंड खाली असल्याचे. बिनचूक काम करायला एवढं पुरतं.

सळई नसताना

बहुतेक जॉयस्टिकवर लिव्हर डावीकडे म्हणजे बकेट मागे, उजवीकडे म्हणजे तोंड खाली, आणि पुढे ढकलून खाचेत बसवला की फ्लोट, म्हणजे बूम मोकळा सुटतो आणि बकेट जमिनीप्रमाणे वरखाली होते. बकेट थोडी मागे घेऊन टाच टेकवा, फ्लोट लावा आणि तोंड हळूहळू खाली आणा. तळ टेकेपर्यंत बूम जवळजवळ हलत नाही. पातं टेकल्यावर आणखी वाकवलं की बकेट पात्यावर उभी राहू लागते आणि बूम किंचित वर उचलतो. तो उचलायला लागला त्या क्षणी थांबा आणि केसभर मागे घ्या. तळ सपाट झाला. काही दिवसांत हे हाताला बसतं.

जमीनही सांगते. दहा फूट पुढे जा, उतरा आणि माग बघा. नुसत्या टाचेचा घासलेला पट्टा दिसला तर तोंड वर आहे. पात्याची धारदार रेघ आणि पुढे मातीची वळी चढत असेल तर तोंड खाली आहे. सपाट बकेटचा माग रुंद आणि गुळगुळीत असतो. कोणी वापरलेला लोडर विकत घेत असाल तर तळ बघा. फक्त पात्याकडचा पत्रा चकाकत असेल तर तो लोडर कायम तोंड खाली करूनच चालवलेला असतो.

आणि पुढची चाकं. स्टिअरिंग अचानक हलकं झालं तर समजा, पातं रुतलंय आणि बूमच्या दाबाने ट्रॅक्टरचं नाक उचललं जातंय. अशा वेळी स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही. दाब लगेच सोडा.

कामाप्रमाणे कल

गोठ्यातला कोबा, खळं, शेडची फरशी: सपाट, फ्लोटमध्ये. सुट्ट्या ढिगात शिरताना तळ सपाट ठेवून पहिल्या गिअरमध्ये जा, बकेट अर्धी शिरली की पुढे जाता जाताच तोंड वर घ्यायला लागा. ढिगाला धडक देऊन बकेट भरत नाही, फक्त पिना झिजतात. कडक मुरूम असेल तर ५ ते १० अंश तोंड खाली करून सुरुवात करा आणि पातं शिरलं की लगेच सपाटावर या. तसंच पुढे ढकलत राहिलात तर बकेट खोल जाते, ट्रॅक्टर अडकतो, आणि सगळा जोर बकेट फिरवणाऱ्या टिल्ट सिलिंडरच्या दांड्यांवर येतो.

दांडा वाकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण वेगळंच आहे: बकेट पूर्ण पाडून (तोंड पार खाली करून) मागे ओढणं. तलावातून आणलेला गाळ शेतात ढिगांनी पडलेला असतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली आली तेव्हापासून हे काम अनेक गावांत उन्हाळ्यात चालतं. ते ढीग पसरताना बकेट शेवटपर्यंत पाडून रिव्हर्समध्ये ओढू नका. त्या स्थितीत दांडा पूर्ण बाहेर आलेला असतो, तेव्हाच तो सगळ्यात कमजोर. एखादा दगड आडवा आला की वाकलाच. ३० ते ४० अंशांवर थांबा, फ्लोट लावा, हळू मागे या. कल जास्त केला तर पातं कापतं, कमी केला तर माती नुसती दाबली जाते.

बूम उचलल्यावर खूण चालत नाही

सळई बकेट आणि बूम यांच्यातला कोन दाखवते, बकेट आणि जमीन यांच्यातला नाही. सेल्फ-लेव्हलिंग (बूम उचलताना बकेट आपोआप सपाट ठेवणारी सोय) नसलेल्या लोडरवर बूम जितके अंश वर फिरतो तितकेच अंश बकेट मागे कलते. जमिनीपासून पूर्ण उंचीपर्यंत अनेक बूम ७० ते ८० अंश फिरतात. म्हणजे खाली सपाट असलेली भरलेली बकेट वर जाईपर्यंत ड्रायव्हरकडे तोंड करते आणि दगड बोनेटवरून थेट अंगावर येऊ शकतात. ट्रॉली भरताना बूम उचलतानाच लिव्हर थोडा थोडा उजवीकडे देत राहा आणि नजर बकेटच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवा. त्या पत्र्यावर बाहेरून तळाला समांतर पांढरी रेघ मारून ठेवली तर उंचीवरही कल वाचता येतो. फाळक्यावर बकेट पाडताना पातं पिनपेक्षा बरंच खाली येतं, तेवढी जागा आधीच सोडा. माल भरून चालताना बकेट मागे घेतलेली आणि जमिनीपासून ३० सेंमीच्या आसपासच असावी.

खूण बरोबर, तरी काम चुकतंय

मागे वजन नसेल तर भरलेल्या बकेटने पुढचे टायर दबतात. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २ मीटर असेल तर नाक ३५ मिमी खाली जाणं म्हणजे बकेट १ अंश खाली. ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री-पॉइंट जोडणीला वजन लावा, टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवा. पुढचे टायर बदलले की खूण पुन्हा तपासा.

पिन आणि बुश झिजले असतील तर सिलिंडरच्या पिनवरची २ मिमीची ढिलाई पात्यापाशी जवळजवळ तिप्पट होते. बकेट मागे-पुढे करताना आधी खट्ट आवाज आणि मग हालचाल, ही तिची ओळख. रोज कामाआधी ग्रीस मारा. बकेट उभ्या जागी आपोआप कलत असेल तर अर्धवट भरून जमिनीपासून फूटभर उचला, सळईवर खडूची रेघ मारा, इंजिन बंद करून सीटवरून न उठता दहा मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात बकेटखाली किंवा समोर कोणी जाता कामा नये. रेघ सरकली तर टिल्ट सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. ते दुरुस्त होईपर्यंत सळईच्या कुठल्याही पट्ट्यावर विसंबू नका, दर फेरीला टाच टेकवूनच सपाट करा.