नव्या गाडीत स्टेपनी नसेल तर टायरवर काय वाचाल

गाडी ताब्यात घेताना आधी डिकीचं कार्पेट उचला. खाली स्टेपनी नसेल तर टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, असू शकतात. पण काही गाड्यांना टायर साधे ट्यूबलेसच असतात आणि सोबत फक्त पंक्चर किट मिळतं. म्हणून खात्री टायरच्या बाजूवर करायची. ब्रिजस्टोन 'आरएफटी' लिहितं, मिशेलिन 'झेडपी', कॉन्टिनेन्टल 'एसएसआर', गुडइयर 'आरओएफ'.

या टायरची बाजू आतून जाड, कडक रबराने भरलेली असते. हवा गेली तरी ती गाडीचं वजन पेलते. त्यामुळे टायर बसलेला दिसत नाही आणि पंक्चर नुसत्या नजरेने कळत नाही. ते कळवतो डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा: घोड्याच्या नालेसारखं चिन्ह, मध्ये उद्गारचिन्ह. हवा भरल्यावर बऱ्याच गाड्यांमध्ये ही यंत्रणा मेनूतून रिसेट करावी लागते, तेवढं शोरूममध्येच शिकून घ्या.

हवा पूर्ण गेल्यावर साधारण हिशोब ताशी ८० किमीच्या आत आणि जास्तीत जास्त ८० किमी असा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा; गाडी भरलेली असेल तर तो कमी होतो. साताऱ्यात दिवा लागला तर कराड गाठता येतं, कोल्हापूर नाही. कासहून परत येणं अंतरात बसतं, पण यवतेश्वरच्या उतारावर वेग ८० च्याही बराच खाली हवा, कारण वळणावर टायरची पकड आधीसारखी राहत नाही. बाजू मोठ्या दगडाने फाटली असेल तर हा हिशोबच लागू नाही. तिथे थांबायचं आणि गाडी उचलून न्यायची.

आता आकडे. '२२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू' असं लिहिलेलं असेल तर रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ५० टक्के म्हणजे सुमारे ११२ मिमी, रिम १७ इंची. 'आर' म्हणजे रेडियल. काही रन-फ्लॅटवर तिथे 'आरएफ' असतं. ९४ हा भारांक, म्हणजे एका टायरला ६७० किलो. ९१ असेल तर ६१५. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं, ताशी किमीमध्ये: टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. टायर बदलताना कंपनीने दिलेल्या भारांकाच्या खाली कधीच जाऊ नका. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन पसरणी घाट चढणाऱ्या गाडीला तोच आकडा सांभाळतो.

टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे टायर बनल्याच्या तारखेचे. ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. बाहेरच्या बाजूला ते दिसले नाहीत तर स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने आतली बाजू पाहा. चारही टायर तपासा.

हवेचा आकडा मात्र टायरवरून घेऊ नका, तिथे कमाल दाब लिहिलेला असतो. गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. हायवेने येऊन लगेच मोजली तर आकडा जास्त दिसतो, आणि तो पाहून हवा सोडली की थंड झाल्यावर कमी पडते.

सगळ्यात जास्त नुकसान दुरुस्तीत होतं. कडक बाजूचा टायर टॉमीने (लोखंडी पट्टीने) उचकटला की रिमला बसणारी कड फाटते. सहायक हात असलेलं टायर चेंजर मशीन जिथे आहे तिथेच काम करून घ्या. खिळा मधल्या पट्ट्यात आहे आणि हवा पुरती जायच्या आधीच थांबलात, तर टायर काढून, आतून तपासून मशरूम पॅच (देठ छिद्रात आणि टोपी आतून चिकटणारा) लावता येतो. तुमच्या टायरला कंपनीची तशी परवानगी आहे का, हे आधी विचारा. हवा नसताना टायर पळाला असेल तर आतल्या बाजूचं रबर तापून सुटलेलं असू शकतं, आणि ते बाहेरून अजिबात दिसत नाही. असा टायर बदलायचाच.

पुढे साधे टायर बसवायचे ठरवलंत तर चारही एकदम बदला. एका ॲक्सलवर एक रन-फ्लॅट आणि एक साधा असं चालत नाही. मग १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चर किट आणि जागा असेल तर स्टेपनी गाडीत ठेवा.