वेबलॉजिकच्या डेटा सोर्सचा पासवर्ड बदलताना

ओरॅकल डेटाबेसमधल्या स्कीमाचा, म्हणजे तक्त्यांची मालकी असलेल्या खात्याचा, पासवर्ड बदलणे हे एका ओळीचे काम आहे; पण त्या स्कीमावर वेबलॉजिक या ॲप्लिकेशन सर्व्हरचा डेटा सोर्स, म्हणजे ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडून देणारा भाग, चालत असेल, तर ती ओळ नेमकी केव्हा चालवायची, यावर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो. आधी जुना पासवर्ड वापरणारे सगळे थांबवावेत, मग डेटाबेसमध्ये बदल करावा, नंतर तो वेबलॉजिकमध्ये नोंदवावा आणि शेवटी सर्व्हर सुरू करावेत, हा क्रम मी आग्रहाने सांगतो.

या आग्रहामागचे कारण ओरॅकलच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्यांना आपोआप लागणाऱ्या पासवर्डच्या नियमांत, आहे. ११जी आवृत्तीपासून त्यात पासवर्डचे आयुष्य १८० दिवस, त्यानंतरची सवलत ७ दिवस, सलग चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा १० आणि ती ओलांडल्यास खाते लॉक राहण्याचा काळ १ दिवस असतो. सवलतीच्या दिवसांत लॉगइन होतच राहते, त्यामुळे मुदत संपत आल्याचा इशारा सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. पुढे एके सकाळी लॉगमध्ये ओरा-२८००१, म्हणजे पासवर्डची मुदत संपल्याची त्रुटी, दिसतो आणि धावपळ सुरू होते. त्यातच कनेक्शन पूल, म्हणजे डेटा सोर्सने उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, जुन्याच पासवर्डने पुन्हा पुन्हा दार ठोठावत असेल, तर दहा प्रयत्न संपायला वेळ लागत नाही. मग ओरा-०१०१७ (चुकीचा पासवर्ड) च्या जागी ओरा-२८००० येऊ लागतो, म्हणजे खातेच लॉक झालेले असते. अशा वेळी पूल न थांबवता डीबीएंना (डेटाबेस प्रशासकांना) खाते उघडून द्यायला सांगणे व्यर्थ आहे, कारण काही क्षणांत ते पुन्हा लॉक होते.

दुसरी फसगत याच्या उलट आहे. पासवर्ड बदलला तरी आधीपासून उघडी असलेली कनेक्शने तुटत नाहीत. त्यामुळे बदलानंतर अर्धा तास सगळे सुरळीत दिसते. पूल वाढू लागला किंवा जुने कनेक्शन टाकून नवे घ्यायची वेळ आली, की मगच चूक उघडी पडते.

प्रत्यक्ष कामाआधी डीबीए_यूजर्स या व्ह्यूमध्ये त्या स्कीमाची अकाउंट_स्टेटस, एक्स्पायरी_डेट आणि प्रोफाइल हे तीन रकाने पाहावेत. खाते ओपन आहे, मुदत संपलेले आहे की लॉक आहे, हे त्यावरून कळते. त्यानंतर हा पासवर्ड आणखी कुठेकुठे लिहिलेला आहे, याची यादी करावी. वेबलॉजिकचे इतर डोमेन (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरांचे गट), रिपोर्ट सर्व्हर, क्रॉनमधल्या म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, डेटाबेस लिंक, कोणाच्या तरी संगणकावरचे एसक्यूएल डेव्हलपर, यांतले काहीही सुटू देऊ नये.

ही यादी अपुरी राहिली की काय होते, ते मी एका ग्राहकाकडे पाहिले आहे. रात्री अकराला आम्ही पासवर्ड बदलला, डेटा सोर्स तपासला, सगळे ठीक होते. दोन वाजता एका विस्मरणात गेलेल्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी जुन्या पासवर्डने लॉगइनचा प्रयत्न करू लागली. यशस्वी लॉगइन झाले की चुकांची मोजणी शून्यावर येते. पण रात्री वापर नसल्याने पूल नवी कनेक्शने घेतच नव्हता, म्हणून मोजणी वाढत गेली आणि तीनच्या आत खाते लॉक झाले. सकाळी लोक कामावर आले, पूल वाढू लागला आणि पडद्यांवर ओरा-२८००० झळकू लागला. युनिफाइड_ऑडिट_ट्रेल या डेटाबेसच्या ऑडिट नोंदींच्या व्ह्यूमध्ये १०१७ या रिटर्न कोडच्या ओळी काढल्या आणि यूजरहोस्टच्या रकान्यात त्या सर्व्हरचे नाव एकाखाली एक उभे दिसले. तेव्हापासून बदलाआधीच्या काही दिवसांतली लॉगइन कोणकोणत्या यंत्रांवरून झाली, हे मी आधीच काढून ठेवतो.

आता प्रत्यक्ष कृती. संबंधित डेटा सोर्स ज्या मॅनेज्ड सर्व्हरांवर (ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरांवर) टार्गेट केलेला, म्हणजे नेमून दिलेला, आहे, ते सगळे थांबवावेत आणि डोमेनचे व्यवस्थापन करणारा ॲडमिन सर्व्हर चालू ठेवावा. सर्व्हर थांबवणे शक्यच नसेल, तर डेटा सोर्सचे टार्गेट तेवढ्यापुरते काढून बदल ॲक्टिव्हेट करावा. मात्र त्यावर अवलंबून असलेले ॲप्लिकेशन तेवढा वेळ बंद राहील, हे वापरकर्त्यांना आधी कळवावे. मग डीबीएंनी नवा पासवर्ड द्यावा आणि खाते लॉक असल्यास उघडावे. अल्टर यूजर आज्ञेत पासवर्ड उघड लिहावा लागतो, म्हणून मला एसक्यूएल प्लसची पासवर्ड ही आज्ञा बरी वाटते. तीत टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटत नाहीत. ११जीपासून पासवर्डमध्ये स्मॉल-कॅपिटल अक्षरांचा फरक धरला जातो, तोही लक्षात ठेवावा. डॉलर किंवा ॲट हे चिन्ह शक्यतो टाळावे, कारण शेल स्क्रिप्टमध्ये आणि कनेक्शनच्या ओळीत त्यांचा अर्थ बदलतो.

नंतर ॲडमिन कन्सोलमध्ये लॉक अँड एडिट करून सर्व्हिसेसमधल्या डेटा सोर्सेसकडे जावे, आपला डेटा सोर्स उघडावा, कनेक्शन पूलच्या टॅबवर नवा पासवर्ड दोन्ही चौकटींत भरावा, सेव्ह करावे आणि ॲक्टिव्हेट चेंजेस दाबावे. वेबलॉजिकच्या १४.१.२ आवृत्तीत हा कन्सोल काढून टाकलेला आहे. तिथे हेच काम रिमोट कन्सोलमधून होते. डोमेनच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या जेडीबीसी फाइलींत पासवर्ड सांकेतिक रूपात असतो आणि त्याची किल्ली त्याच डोमेनच्या सिक्युरिटी फोल्डरमधल्या सीरियलाइज्डसिस्टमइनी या फाइलीत असते. म्हणून चाचणीच्या डोमेनमधला सांकेतिक मजकूर उचलून प्रॉडक्शनमध्ये चिकटवू नये, तो तिथे उलगडत नाही.

यानंतर एकच मॅनेज्ड सर्व्हर सुरू करावा, किंवा काढलेले टार्गेट पुन्हा लावावे. पूलची इनिशियल कपॅसिटी (सुरुवातीलाच उघडायच्या कनेक्शनांची संख्या) शून्याहून अधिक असेल आणि पासवर्ड चुकला असेल, तर डेटा सोर्स डिप्लॉय होत नाही आणि सर्व्हर रनिंगऐवजी ॲडमिन स्थितीत अडकतो. म्हणून मॉनिटरिंगखालच्या टेस्टिंग टॅबवर डेटा सोर्सची चाचणी यशस्वी झाल्यावरच बाकीचे सर्व्हर उठवावेत.

ओरॅकलच्या फ्यूजन मिडलवेअर या उत्पादनसंचाच्या डोमेनमध्ये ओपीएसएसच्या (त्यातल्या सुरक्षा सेवेच्या) स्कीमाला मात्र ही रीत पुरत नाही. त्याचा पासवर्ड बूटस्ट्रॅप वॉलेटमध्येही (सर्व्हर सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सुरक्षित फाइलीतही) असतो आणि तो डब्ल्यूएलएसटी या वेबलॉजिकच्या स्क्रिप्ट साधनातल्या मॉडिफायबूटस्ट्रॅपक्रेडेन्शियल या आज्ञेने बदलला नाही, तर ॲडमिन सर्व्हरच उठत नाही.

डेटाबेस १९.१२ किंवा त्यापुढचा असेल, तर ही सारी धावपळ बरीच कमी होते. प्रोफाइलमध्ये पासवर्ड_रोलओव्हर_टाइम दिला, की ठरलेल्या काळात जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालतात. हा काळ एका तासापासून ६० दिवसांपर्यंत ठेवता येतो. मग सर्व्हर एकेक करून, ॲप्लिकेशन बंद न करता नव्या पासवर्डवर नेता येतात. ज्यांना ही सोय उपलब्ध आहे, त्यांनी ती वापरावीच.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी, रात्रीचे सगळे बॅच पार पडल्यानंतर करावी: अकाउंट_स्टेटस अजून ओपन आहे ना, १०१७ च्या नव्या ओळी नाहीत ना, हे पाहावे आणि नवी एक्स्पायरी_डेट, तिच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावून, संघाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये नोंदवावी.