फार्स बसवायचाय? आधी ‘ल दिने द काँ’ असा पाहा

हौशी संस्थेत फार्स बसवायला घेणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला मी एकच गोष्ट सांगते: तालीम लावण्याआधी फ्रेंच दिग्दर्शक फ्रांसिस वेबेर यांचा ‘ल दिने द काँ’ (म्हणजे ‘मूर्खांची मेजवानी’, १९९८) पाहा. जेमतेम ऐंशी मिनिटांचा सिनेमा आहे. पॅरिसच्या तेआत्र दे व्हारिएते या नाट्यगृहात १९९३ साली आलेल्या स्वतःच्याच नाटकावरून वेबेर यांनी तो केला. त्यात पिन्यों हे मुख्य पात्र झालेल्या जाक विलरे यांनी ही भूमिका आधी रंगमंचावर शेकडो वेळा केली होती. कुठे थांबलं की प्रेक्षक हसतो, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

पहिल्यांदा नुसता पाहा, पोटभर हसा. वही दुसऱ्या वेळी काढायची.

गोष्ट अशी: प्रकाशक ब्रोशां आणि त्याची मित्रमंडळी दर बुधवारी जेवण ठेवतात, प्रत्येकाने एकेक मूर्ख शोधून आणायचा आणि त्याची मजा बघायची. ब्रोशांला सापडतो पिन्यों, अर्थखात्यातला साधा कर्मचारी, आगकाड्या जोडून प्रतिकृती करणारा. त्याच संध्याकाळी ब्रोशांच्या कंबरेत उसण भरते आणि बायको घर सोडून जाते. जेवण राहतंच बाजूला.

वहीत पहिली नोंद त्या कंबरेची करा. उसण भरली नसती तर ब्रोशां उठून निघून गेला असता आणि नाटक दहा मिनिटांत संपलं असतं. स्पर्धेत पाहिलेले कित्येक फार्स मला इथेच ढिले वाटतात, कारण पात्रं त्या खोलीत का थांबली आहेत याचं उत्तरच नसतं. आपल्या संहितेतल्या प्रत्येक पात्राला हा प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग पानावर दोन रकाने आखा: पिन्योंला काय माहीत आहे, ब्रोशांला काय माहीत आहे. बेल वाजली, फोन आला की नवी ओळ लिहा. बायको परत दारात येते तेव्हा पिन्यों तिलाच ब्रोशांची प्रेयसी समजतो आणि मित्राच्या भल्यासाठी तिला वाटेला लावतो. आपल्याला दोन्ही रकाने दिसत असतात, त्याला एकच. हशा तिथून येतो. त्यासाठी विनोदी वाक्य लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लब्लांच्या, म्हणजे ब्रोशांच्या बायकोच्या पूर्वीच्या प्रियकराच्या, फोनवर घालवा. बायकोचा ठावठिकाणा काढायला पिन्यों बेल्जियन निर्माता बनून लब्लांला फोन करतो, त्याच्या कादंबरीचे हक्क मागतो, त्या सौद्यात इतका रंगतो की बायकोबद्दल विचारायचंच राहून जातं. हा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि नजर फक्त तिएरी लेर्मित यांच्यावर, म्हणजे ब्रोशांवर ठेवा. आशा, धसका, हताशपणा, सगळं न बोलता. आपल्याकडे फोनवरच्या नटावर तालमी होतात आणि शेजारी बसलेला नट नुसता बसून राहतो. प्रेक्षक त्याच्याच चेहऱ्याकडे पाहून हसणार असतो.

विलरे यांच्याकडून शिकायचं ते वेगळं. पिन्यों स्वतःला कधीही विनोदी समजत नाही. आयफेल टॉवरला तीन लाख शेहेचाळीस हजार चारशे बावीस काड्या लागल्या, हे तो अभिमानाने सांगतो. तो मनापासून मदत करतो आणि त्या मदतीनेच घर कोसळतं. तुमचा नट वेडेवाकडे चेहरे करू लागला तर तालीम तिथेच थांबवा, त्याला सांगा: तुला या माणसाला वाचवायचंय, बास.

दोघांतला ताण ओसरू लागतो तेव्हा शवाल हा कर निरीक्षक घरात येतो. त्याच्यापासून लपवायला भिंतीवरची चित्रं उतरवली जातात, महागड्या वाइनमध्ये व्हिनेगर ओतलं जातं. नवं पात्र आणायचं तर असं आणा, की त्याच्या येण्याने घरातली वस्तूनवस्तू धोक्यात येईल. आणि ती बाटली शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे, हे नेपथ्यकाराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. दानिएल प्रेव्हो यांना शवालसाठी सहाय्यक अभिनेत्याचं सेझार हे फ्रेंच चित्रपट पारितोषिक मिळालं. विलरे यांना अभिनयाचं आणि वेबेर यांना पटकथेचं.

सुरुवातीचे बाहेरचे प्रसंग, गोल्फ, आगगाडी, हे सिनेमासाठी जोडलेले आहेत, तुमच्या कामाचे नाहीत. ब्रोशांच्या फ्लॅटचा नकाशा मात्र काढा: सोफा, फोन, दार, झोपायची खोली.

‘भेजा फ्राय’ (२००७) याच गोष्टीवरून झाला हे अनेकांना माहीत असेल. तो मूळ सिनेमानंतरच पाहा. काड्यांच्या जागी गाण्याचा नाद आल्यावर विनय पाठक यांचा भारत भूषण कसा बदलतो ते टिपा. मग आपल्या संहितेतल्या माणसाचा नाद कोणता, ते ठरवायला बसा.