सरकारी विमा कंपनी अपिलाला उत्तरच देत नाही? अडकलेला क्लेम पुढे कसा सरकवायचा

क्लेम नाकारला गेला, तुम्ही फेरविचाराचं पत्र दिलं, आणि त्यानंतर सगळं थंड. फोन केला की एकच वाक्य ऐकू येतं: "फाइल प्रोसेसमध्ये आहे." न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल किंवा युनायटेड इंडिया, या चारपैकी कुठल्याही सरकारी कंपनीचा मेडिक्लेम असेल तर पुढची वाट तीच. (महात्मा फुले योजनेचं प्रकरण वेगळं. तिथे आधी रुग्णालयातला आरोग्यमित्र गाठायचा, मग १५५३८८ वर तक्रार नोंदवायची.)

बहुतेक लोक इथे एकाच कारणाने अडकतात. कंपनीचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं ते धरून चालतात. पण लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर कोर्टाबाहेर निवाडा देणारी यंत्रणा) जायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळतो. तो वर्षभरच टिकतो.

आधी तक्रार कागदावर आणा

फोनवरचं बोलणं, एजंटने "मी बघतो" म्हणणं, टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी मध्यस्थ संस्था) काउंटरवर घातलेली हुज्जत, यातलं काहीही पुढे मोजलं जात नाही. प्रत्येक कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याच्या नावे ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा. शाखेत हातोहात देणार असाल तर आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. महिना या तारखेपासून मोजला जातो.

पत्रात आजारपणाची कहाणी नको. पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नकाराच्या पत्राची तारीख, त्यात दिलेलं कलम आणि त्या कलमाला तुमचं उत्तर, एवढं पुरे. "आजार आधीपासून होता" असं कारण दिलं असेल तर इनडोअर केस पेपरची (भरती असतानाच्या रुग्णालयातल्या नोंदींची) प्रत मागवून नीट वाचा. भरती करताना शिकाऊ डॉक्टरने घाईत खरडलेली "बीपी दहा वर्षांपासून" अशी एखादी ओळ पुष्कळदा नकाराचं मूळ असते. ती चुकीची असेल तर निदान पहिल्यांदा कधी झालं याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं प्रमाणपत्र जोडा. आणखी एक गोष्ट तपासा. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. एप्रिल २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, आणि जुन्या पॉलिसीच्या पुस्तिकेत अजून तेच छापलेलं सापडेल.

सोबत विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाका. नेट जमत नसेल तर १५५२५५ वर फोन करा. आयआरडीएआय स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते. पण टोकन क्रमांक मिळतो आणि कंपनीला १४ दिवसांत तक्रार निकाली काढावी लागते.

मग माहितीचा अधिकार वापरा

खासगी कंपनीच्या ग्राहकाला हे हत्यार थेट मिळत नाही. सरकारी विमा कंपन्यांना मात्र २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे, आणि माझ्या मते पंचवीस फोनांपेक्षा एक अर्ज भारी पडतो. केंद्राच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवर दहा रुपये भरून अर्ज करता येतो. पोस्टाने पाठवायचा तर पोस्टल ऑर्डर लावा. आपल्याकडे राज्याच्या कार्यालयांसाठी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायची सवय असते. केंद्राच्या नियमांत ते बसत नाही आणि अर्ज परत येऊ शकतो.

"माझा क्लेम का मंजूर केला नाही?" असं विचारू नका. कागद मागा:

- माझ्या तक्रारीवर आजवर झालेल्या कार्यवाहीची तारखेनुसार नोंद आणि फाइल सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांचं पदनाम
- टीपीएच्या वैद्यकीय अभिप्रायाची प्रत
- क्लेम नाकारण्यास मान्यता देणाऱ्या समितीच्या नोंदीची प्रत

तिसरा मुद्दा कळीचा. २०२४ च्या नियमांनुसार अशा समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारताच येत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर माहिती अधिकाराखालचं पहिलं अपील करा, पण त्यासाठी लोकपालांकडची तक्रार थांबवून धरू नका.

महिना उलटला की विमा लोकपाल

महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात.

निवाड्याला तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती तुमच्याकडची सगळी कागदपत्रं पोचल्यापासून सुरू होते. तक्रार नोंदवल्यावर कार्यालयाकडून एक फॉर्म येतो. तो पिशवीत पडून राहिला तर उशीर तुमच्याच खात्यात जमा होतो. त्याच दिवशी भरा, पॉलिसीच्या अटींच्या पुस्तिकेसह परत पाठवा.

हेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम सांभाळा. आधी लोकपाल, गरज पडली तर ग्राहक आयोग. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची, आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर तिथेही फी पडत नाही. रक्कम ५० लाखांच्या वर असेल तर मात्र सरळ आयोगाकडेच जा.

निवाडा हातात आल्यावर

लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. निवाडा आला त्याच दिवशी रद्द केलेला चेक कंपनीला ईमेल करा, म्हणजे "बँक तपशील नव्हते" ही सबब उरत नाही. तीस दिवस उलटूनही पैसे आले नाहीत तर कंपनीला रोज ५,००० रुपये दंड तक्रारदाराला द्यावा लागतो. त्याची मागणी लेखी करा आणि प्रत लोकपाल कार्यालयाला पाठवा.