माल्टाची सहा दिवसांची सहल कशी आखावी

सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात माल्टा हा देश नकाशावर जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. मुख्य बेटाची लांबी अवघी २७ किलोमीटर. हे आकडे वाचून पहिल्या खेपेस मी एकाच दिवसात सकाळी दक्षिण किनाऱ्यावरची प्राचीन दगडी मंदिरे आणि दुपारी गोझो असा बेत केला होता. व्हॅलेटा या राजधानीच्या स्थानकावर बस बदलण्यात, मग उत्तर टोकापर्यंतच्या रहदारीत आणि शेवटी फेरीबोटीच्या रांगेत वेळ असा गेला की गोझोतील मंदिराशी पोहोचले तेव्हा तिकीट खिडकी बंद होत होती. माल्टाची आखणी किलोमीटरने करू नये, तासांनी करावी, आणि ज्या गोष्टींची वेळ दुसऱ्याने ठरवून दिलेली आहे त्या आधी कागदावर मांडून बाकीचे बेत त्यांच्याभोवती बसवावेत, हे त्या दिवशी कळले.

अशा बांधलेल्या वेळेच्या गोष्टींत पहिला क्रमांक हाल साफ्लिएनीच्या हायपोजियमचा. पाओला गावात १९०२ साली घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना कामगारांना हे भूमिगत दफनस्थान सापडले. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी माणसांनी चुनखडीचा खडक कोरून एकाखाली एक असे तीन मजले केले, आणि जमिनीवर बांधलेल्या मंदिरांत असतात तसेच खांब, चौकटी आणि छताचे थर खाली खडकातच घडवले. आतली हवा आणि लाल गेरूची चित्रे टिकावीत म्हणून दर तासाला फक्त दहा जणांना, आणि दिवसभरात ऐंशी जणांना, आत सोडले जाते. सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि फोटोही काढता येत नाहीत. उन्हाळी हंगामातील तिकिटे कित्येक आठवडे, कधी महिने आधीच संपतात. त्यामुळे प्रवासाच्या तारखा ठरवताना विमानाच्या भाड्याबरोबरच हायपोजियमचे संकेतस्थळही उघडून पाहावे आणि ज्या आठवड्यात जागा दिसतील तोच आठवडा धरावा. तिकीट मिळालेच नाही, तर व्हॅलेटाच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, हायपोजियममध्येच सापडलेली ‘निद्रिस्त स्त्री’ ही तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती अवश्य पाहावी. कुशीवर झोपलेल्या त्या बाईच्या वजनाने पलंग मध्ये किंचित दबलेला आहे, आणि एवढे लहान काम इतक्या बारकाईने करणाऱ्याने ती नेमकी कशासाठी घडवली असेल, या विचारात काचेसमोर दहा मिनिटे सहज जातात.

तारखांचा दुसरा धागा व्हिसाचा. माल्टा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण सुट्टीच्या हंगामात अर्ज केंद्रावरची वेळ मिळण्यातच आठवडे जातात, म्हणून अडीच-तीन महिने आधी कामाला लागणे बरे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे हवे. बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्र आणि कार्यालयाचे रजेचे पत्र यांच्या जोडीला दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो, आणि तो खरा लिहिलेला असला तर पुढे प्रवासातही तोच कागद कामी येतो. सिसिली किंवा रोम जोडण्याचा मोह झाला, तर ज्या देशात जास्त रात्री मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा, हे लक्षात ठेवावे. सहा दिवसांत मी तरी हा मोह टाळेन.

मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेले तर प्रवेशाची तपासणी माल्टातच होते. जर्मनी, इटली यांसारख्या शेंगेन देशातून गेले तर ती त्या मधल्या विमानतळावर होते, आणि दोन विमानांमधला वेळ ठेवताना त्या रांगेचा हिशेब धरलेला नसला तर पुढचे विमान चुकते. म्हणून दीड तासाची जोडणी स्वस्त दिसली तरी घेऊ नये.

महिना कोणता, याचे उत्तर सोपे आहे: एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर असतो, झाडी विरळ आणि सगळीकडे फिका पिवळा दगड, त्यामुळे दुपारी डोळ्यांवर येणारे ऊन आपल्यालाही सोसत नाही. समुद्रात उतरायचे असेल तर सप्टेंबर उत्तम, कारण उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हा अजून उबदार असते. गावोगावच्या संतांच्या जत्रा मात्र उन्हाळ्यातच भरतात. बँड, रोषणाई, दारूकाम आणि खांद्यावर मूर्ती घेऊन निघणारी मिरवणूक यांत रस असेल, तर उकाडा सहन करून तेव्हाच जावे.

मुक्कामासाठी व्हॅलेटा किंवा स्लीमा, या दोनपैकी एक निवडावे. बेटावरच्या बहुतेक बस व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्याच्या भोवतीच्या स्थानकातून सुटतात, त्यामुळे तिथे राहिले की रोजचे निदान अर्धा-पाऊण तास वाचतात. स्लीमाहून खाडी ओलांडणारी छोटी फेरी दहा-पंधरा मिनिटांत व्हॅलेटाला आणते आणि स्लीमात खोल्यांची निवड अधिक असते. उत्तरेकडची हॉटेले स्वस्त दिसतात, पण वाचलेले पैसे बसमध्ये बसून फेडावे लागतात. पाचेव्हिलचा भाग रात्रीच्या संगीताचा आहे. आईवडील बरोबर असतील तर तिकडे फिरकू नये. व्हॅलेटात खोली घेताना मात्र दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: इमारतीला उद्वाहक आहे का, आणि रस्ता पायऱ्यांचा आहे का. शहर उंचवट्यावर वसलेले असल्याने अनेक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या आहेत, आणि शतकानुशतके चालून तिथला चुनखडीचा दगड इतका गुळगुळीत झाला आहे की पाऊस पडल्यावर आईचा हात धरूनच उतरावे लागले.

फिरण्यासाठी बस पुरेशी आहे. एका तिकिटावर दोन तासांत बस बदलता येते, आणि सात दिवसांचा पास घेतला की रोज सुटे पैसे मोजावे लागत नाहीत. भरलेली बस थांब्यावर थांबत नाही, म्हणून जिथून बस सुटते तिथेच चढावे, आणि दूर जाताना एक बस चुकली तरी चालेल इतकी सवड ठेवावी. ब्रिटिशांचे राज्य १९६४ पर्यंत असल्याने वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण रस्ते अरुंद आणि गाडी लावायला जागा नाही. भाड्याची गाडी घ्यायचीच तर ती गोझोत घ्यावी. ब्रिटिशांचीच दुसरी आठवण म्हणजे विजेचा प्लग. युरोप म्हणून गोल पिनांचा अडॅप्टर नेला तर तो निरुपयोगी ठरतो, कारण माल्टात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो.

थांब्यांची नावे वाचण्याची एक किल्ली अशी की माल्टीमध्ये ‘एक्स’ या रोमन अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि ‘क्यू’ घशातच गिळला जातो, म्हणून कागदावर ‘मार्साक्सलोक’ दिसणारे गाव प्रत्यक्षात मार्साश्लोक असते. ही भाषा मूळची अरबी वळणाची, पण रोमन लिपीत लिहिली जाते. जगाला त्यांचा शब्द ‘दिन्या’, पुस्तकाला ‘क्तीब’ आणि वर्षाला ‘सेना’. म्हणजे आपल्याकडे फारसीतून आलेले दुनिया, किताब आणि सन तिथे अरबीच्या वाटेने पोहोचले आहेत. इंग्रजीही अधिकृत भाषा असल्याने अडत मात्र कुठेच नाही.

आता दिवसांची मांडणी. पहिला दिवस पोहोचण्याचा. संध्याकाळी अप्पर बराक्का बागेत जाऊन खालचे ग्रँड हार्बर पाहावे, एवढेच. बागेखालच्या तोफखान्यातून रोज दुपारी बारा आणि चार वाजता तोफ डागली जाते, ती पुढे केव्हातरी ऐकता येईल. सुएझमार्गे जाणाऱ्या जहाजांचे हे मोठे बंदर होते, आणि १८७८ मध्ये रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हे दिसू लागल्यावर ब्रिटिश सरकारने मुंबईहून सुमारे ७,००० हिंदी सैनिक इथे आणून उतरवले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या.

दुसरा दिवस पूर्ण व्हॅलेटाला द्यावा. १५६५ च्या तुर्की वेढ्यातून वाचल्यावर नाइट्स ऑफ सेंट जॉन या ख्रिस्ती लष्करी पंथाच्या सरदारांनी १५६६ मध्ये या शहराचा पाया घातला. सेंट जॉन्स को-कॅथीड्रल हे मोठे चर्च बाहेरून किल्ल्यासारखे सपाट, पण आत इंचभरही भिंत कोरीवकामाशिवाय नाही, आणि जमीन म्हणजे रंगीत संगमरवराच्या सुमारे चारशे थडग्यांच्या शिळा. त्यांना इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. खांदे झाकणारे कपडेही हवेत. बाजूच्या दालनात कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचे १६०८ मधले ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे पाच मीटरहून रुंद चित्र आहे. संताच्या मानेतून वाहिलेल्या रक्तातूनच चित्रकाराने स्वतःचे नाव लिहिले आहे, आणि त्याची सही असलेले हे एकमेव चित्र मानले जाते. त्याच वर्षी तो किल्ल्याच्या कैदेतून पळाला आणि सरदारांनी त्याला याच चित्रासमोर बडतर्फ केले. सही खालच्या कडेला, काळोखात आहे, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे. रविवारी हे कॅथीड्रल पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे आपला रविवार कोणता ते आधी पाहून मगच दिवसांची अदलाबदल करावी.

रविवार मार्साश्लोकसाठी ठेवावा. बंदरात लुत्सू नावाच्या निळ्या-पिवळ्या होड्या असतात आणि प्रत्येकीच्या नाळीवर दोन डोळे रंगवलेले असतात. मासळीबाजार सकाळीच रंगतो, दुपारी नुसती गर्दी उरते. हायपोजियम त्याच बाजूला असल्याने त्याची वेळ याच दिवशी मिळाली तर उत्तम.

मंदिरांच्या दिवशी ७४ क्रमांकाची बस धरून हजर इम गाठावे. तिथून उतारावर अर्ध्या किलोमीटरवर इम्नायद्रा आहे, आणि दोन्ही मंदिरे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. २००९ पासून त्यांच्यावर मोठे तंबू उभारले आहेत, ते फोटोत खटकतात, पण दगड विरघळू नये म्हणून आवश्यक आहेत. पाण्याची बाटली आणि टोपी सोबत हवीच, कारण मधल्या वाटेवर सावली नाही. दुपार कलल्यावर इम्दिना या तटबंदीच्या जुन्या राजधानीत जावे. दिवसाच्या सहली परतल्यानंतर तिथल्या गल्ल्यांत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो.

गोझोला एक पूर्ण दिवस लागतोच, जमल्यास एक रात्रही. व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ क्रमांकाची बस चिर्केव्वाच्या धक्क्यापर्यंत तास-सव्वा तास घेते, आणि तिथून मोठी फेरी सुमारे पंचवीस मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदरात पोहोचवते. जाताना कोणी तिकीट विचारत नाही म्हणून गोंधळू नये. पैसे परत येताना गोझोत द्यायचे असतात. व्हॅलेटाहून थेट जाणारी जलद फेरी पाऊण तासात पोहोचवते, पण समुद्र खवळला की ती रद्द होऊ शकते. जगांतियाचे मंदिर सकाळी, मग व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य गावातला चितादेल्ला हा किल्ला, आणि उजेड असेपर्यंत द्वेय्राचा कडा, हा क्रम ठेवावा. जुन्या माहितीपत्रकांत द्वेय्राच्या समुद्रात उभी असलेली दगडी कमान दिसते. ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली, तेव्हा ती शोधत बसू नये. कोमिनोच्या ब्ल्यू लगूनला २०२५ पासून आधी वेळ नोंदवून जावे लागते. पाणी खरेच सुंदर आहे, पण उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते; मी गोझोला जास्त तास देईन.

शाकाहाऱ्यांनी पास्तित्सी हा खुसखुशीत, शंकरपाळ्याच्या आकाराचा पदार्थ ओळखून ठेवावा. सारण रिकोट्टाचे किंवा मटारचे असते, पण पाऱ्यांत प्राण्याची चरबी असू शकते, ते विचारूनच घ्यावे. तेल-टोमॅटो लावलेल्या पावात न सांगता ट्यूना मासा घालतात. नळाचे बरेचसे पाणी समुद्राच्या पाण्याचे खारेपण काढून केलेले असते, पिण्यास सुरक्षित असले तरी चव बरी नसल्याने बाटल्या घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक बाटलीमागे दहा सेंट अनामत कापली जाते. दुकानाबाहेरच्या यंत्रात रिकामी बाटली घातली की त्याची पावती मिळते.

सहावा दिवस विमानाच्या वेळेवर सोडून द्यावा. विमानतळ लुआ इथे आहे आणि व्हॅलेटाहून फारसा लांब नाही, पण दुपारच्या रहदारीत बसवर विसंबून शेवटच्या घटकेला निघू नये; सामान घेऊन पहिल्याच थांब्यावर चढावे, आणि हायपोजियमसाठी ही सकाळ कधीही निवडू नये.